लिहिलेले कानाने कसे तपासावे: अक्षरांचा नाद आणि मजकुराचा भाव

काही वर्षांपूर्वी मी एका बालअंकासाठी मांजराची गोष्ट लिहिली आणि ती छापायला देण्यापूर्वी माझ्या सहा वर्षांच्या भाचीला वाचून दाखवली. गोष्टीतले मांजर दुधाच्या वासाने माळ्यावरून खाली येते, आणि त्या जागी मी 'मांजर धडाधड जिना उतरले' असे लिहिले होते. भाचीने मला तिथेच थांबवले. "मामा, मांजर धडाधड नाही उतरत. बाबा उतरतात." मी 'तुरुतुरु' करून पाहिले, तर तिचे म्हणणे असे की तुरुतुरु उंदीर पळतो. शेवटी 'अलगद' या शब्दावर आमचे एकमत झाले. 'धडाधड' हा शब्द व्याकरणाने चुकीचा नव्हता आणि वेगाचा अर्थही त्यातून नीट निघत होता; पण त्यातल्या 'ध' आणि 'ड' यांना जे वजन आहे ते मांजराच्या पंजांना शोभणारे नव्हते, आणि ते त्या मुलीच्या कानाला माझ्याआधी कळले.

लिहिताना अक्षरांच्या नादाकडे कसे पाहावे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. अक्षराला स्वतःचा असा ठरलेला अर्थ नसतो. 'ळ' म्हणजे गोडवा आणि 'ट' म्हणजे कठोरपणा अशी कोष्टके ठिकठिकाणी वाचायला मिळतात, पण 'जिव्हाळा' आणि 'मळमळ' या दोन्ही शब्दांत 'ळ' आहे, हे अशा कोष्टकांना सांगता येत नाही. नाद अर्थ निर्माण करत नाही. आधीच असलेल्या अर्थाला तो दुजोरा देतो किंवा त्याच्या आड येतो. त्यामुळे नादाचे काम मुख्यतः दुसऱ्या खर्ड्यात करायचे असते, आणि तेही जिथे दुजोऱ्याची गरज आहे किंवा जिथे काहीतरी आड येते आहे, तेवढ्याच जागी.

यामागे काही तथ्य आहे का

ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर थोडक्यात देतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी १९२९ साली एक साधा प्रयोग मांडला: एक गोलसर आकृती, एक टोकदार आकृती आणि दोन निरर्थक शब्द, कोणता शब्द कोणत्या आकृतीचा, ते सांगायचे. पुढे २००१ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी याच धर्तीवर 'बूबा' आणि 'कीकी' हे शब्द वापरले, आणि बहुतेकांनी गोल आकृतीला बूबा व टोकदार आकृतीला कीकी म्हटले. त्यानंतर २५ भाषांच्या भाषकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ७२ टक्के उत्तरे याच प्रकारे जुळली. म्हणजे हा कल मोठा आहे, पण तो शंभर टक्क्यांचा नियम नाही, आणि लेखकाने तो कल म्हणूनच हाताळावा.

आपल्याकडे ही चर्चा फार जुनी आहे. अकराव्या शतकातल्या काश्मिरी काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त माधुर्य, ओज (म्हणजे जोम) आणि प्रसाद असे काव्याचे तीन गुण मानले आणि त्यातल्या पहिल्या दोहोंसाठी कोणते वर्ण साथ देतात तेही नोंदवले. माधुर्यासाठी त्याने ट-वर्ग (ट, ठ, ड, ढ) वगळला आणि आपल्याच वर्गातल्या अनुनासिकाला, म्हणजे नाकातून येणाऱ्या वर्णाला, जोडून येणारे स्पर्शवर्ण ('क' ते 'म') सुचवले. मराठीत 'मंद', 'गंध', 'चंचल', 'रंग' असे शब्द आठवले की त्याचे म्हणणे कळते. ओजासाठी ट-वर्ग, 'श' आणि 'ष', रेफाची (म्हणजे 'र'ची) जोडाक्षरे, 'क्रुद्ध' किंवा 'उद्धट' यांच्यासारखे संयोग आणि लांब समास त्याने योग्य ठरवले. प्रसाद म्हणजे ऐकताक्षणी अर्थ उलगडणे, आणि गद्य लिहिणाऱ्याने या तिघांत प्रसादालाच पहिला मान द्यावा असे माझे मत आहे. मम्मटाच्या आधी वामन या काव्यशास्त्रकाराने ज्या रचनापद्धतीला सर्वांत गुणसंपन्न ठरवले तिचे नाव 'वैदर्भी' आहे, हे विदर्भातल्या वाचकांना मी मुद्दाम सांगतो.

तोंडातला नकाशा

पहिली पायरी कागदावरची नाही. आपण शाळेत वर्णमाला पाठ केली, पण तिची मांडणी म्हणजे तोंडाचा नकाशा आहे याकडे फारसे कोणी लक्ष वेधले नाही. 'क, च, ट, त, प' हे पाच वर्ण सावकाश म्हणावेत. जीभ आधी घशाजवळ टेकते, मग टाळूला, मग तिचे टोक वर वळते, मग दातांमागे येते, आणि 'प'पाशी जिभेचे काम संपून ओठ मिटतात. आता तळहात तोंडासमोर धरून 'ताट' आणि 'थाट' असे म्हणावे. 'थ'ला हातावर वारा जाणवतो, 'त'ला जवळजवळ नाही. मग गळ्यावर दोन बोटे ठेवून 'काल' आणि 'गाल' म्हणावे. 'ग'ला गळा थरथरतो. हे दहा मिनिटांचे काम आहे, पण ते केल्यावर 'ध', 'भ', 'घ', 'ढ' यांना भारदस्तपणा का येतो ते पुस्तकाविना समजते: तिथे गळ्याची थरथर आणि श्वासाचा झोत असे दोन्ही एकदम लागतात.

या नकाशावरून कामापुरती काही निरीक्षणे करता येतात. 'म, न, ल, व, य' यांना तोंडात कुठेही आघात लागत नाही. 'स' आणि 'श' यांच्यात वारा सतत वाहत राहतो, म्हणून पाने सळसळतात आणि साप सरसर जातो. 'ट' आणि 'ठ' यांना जिभेचे टोक वळवून सोडावे लागते, आणि 'ठाम', 'ठोस', 'ठणकावणे', 'ठसठशीत' या शब्दांत तो निश्चितपणा ऐकू येतो. 'ळ' मराठीत शब्दाच्या आरंभी कधीच येत नाही. तो नेहमी आधीच्या स्वरावरून घरंगळत येतो, म्हणून घसरण, ओघ, मऊपणा आणि बुळबुळीतपणा या सगळ्यांशी त्याचे जमते. प्रत्येक निरीक्षणाला अपवाद शोधण्याची सवय मात्र लावून घ्यावी. 'भयाण', 'भेसूर', 'भकास' यांच्या शेजारीच 'भाबडा' आणि 'भोळा' बसलेले असतात. 'म' हा माया-ममतेचा म्हणावा, तर 'कामापुरता मामा' या म्हणीत तोच 'म' चेष्टा करतो.

पहिला खर्डा, आणि खुणा

पहिला खर्डा लिहिताना नादाचा विचार करू नये. जो लेखक पहिल्याच वाक्यापासून नाद शोधतो तो अर्थ सोडून शब्दांच्या मागे जातो, आणि त्याचे वाक्य वाचकाला ऐकू येते पण समजत नाही. मजकूर पूर्ण झाल्यावर तो एक दिवस बाजूला ठेवावा आणि मग पेन्सिल घेऊन मोठ्याने वाचावा. ओठांतल्या ओठांत पुटपुटून उपयोग नाही, कारण तसे वाचताना जीभ अवघड जागा गिळून टाकते. जिथे अडखळायला होते तिथे एक रेघ मारावी, आणि जिथे मजकुराचा भाव बदलतो, म्हणजे भीती सुरू होते, कोणी हसते, दार बंद होते, बातमी कळते, तिथे एक फुली करावी. नादाचे काम फक्त या रेघांवर आणि फुल्यांवर करायचे आहे. बाकीचा मजकूर जसा आहे तसा राहू द्यावा.

शब्दाची निवड: लाल किती प्रकारचे

फुलीच्या जागी पहिला प्रश्न असा विचारायचा की याच अर्थाचा दुसरा शब्द आहे का, आणि त्याचा नाद कोणत्या बाजूला झुकतो. मराठीने या बाबतीत लेखकाची मोठी सोय करून ठेवली आहे, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे रंगांचे जोडशब्द. लाल रंग घ्या. आगीच्या ज्वाळा किंवा डोळ्यांत खुपणारी साडी 'लालभडक' असते. पोपटाची चोच 'लालचुटूक' असते. रागाने किंवा उन्हाने तापलेला चेहरा 'लालबुंद' होतो. तिन्ही ठिकाणी रंग लालच आहे, पण 'भडक'मध्ये तोंड उघडते आणि श्वास जोराने बाहेर पडतो, 'चुटूक'मध्ये ओठांचा चंबू होतो आणि शब्द लहान उडी मारून संपतो, तर 'बुंद' म्हणताना ओठ मिटून उघडतात आणि आवाज नाकात घुमतो, जणू गाल फुगले आहेत. पोपटाची चोच 'लालभडक' केली तर पोपट अंगावर येतो.

काळ्या रंगाचेही तसेच. अंधार काळाकुट्ट, केस काळेभोर, कातळ काळाकभिन्न. इथे एक लहान प्रयोग करून पाहण्यासारखा आहे: विशेषणांची अदलाबदल करून 'तिचे काळेकुट्ट केस' आणि 'गावाबाहेरचा काळाभोर अंधार' अशी वाक्ये लिहावीत आणि ती दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावीत. वाचणाऱ्याला चूक दाखवता येणार नाही, पण तो थबकेल. 'कुट्ट'मध्ये 'ट' दोनदा येऊन वाट बंद करतो. 'भोर'मध्ये 'ओ' आणि 'र' लांबत जातात, केसांसारखे. या शब्दांत सगळे श्रेय नादाचे नाही, हेही खरे. 'पांढराशुभ्र'मधल्या 'शुभ्र'चा अर्थच पांढरा आहे, आणि 'पिवळाजर्द'मधला 'जर्द' फारसीतून पिवळा रंग घेऊनच आला आहे. पण भीतीने चेहरा पांढराशुभ्र होत नाही, पांढराफटक होतो, आणि तिथे 'फटक' या निरर्थक भासणाऱ्या तुकड्याने चेहऱ्यावरचे रक्त एका क्षणात उतरवलेले असते.

दुसरे उदाहरण हसण्याचे. लहान मूल खुदकन हसते. शब्द एकच झटका देतो आणि थांबतो, हसूही तेवढेच असते. मैत्रिणी खळखळून हसतात, आणि त्यात ओढ्याचे पाणी ऐकू येते. टवाळ मुले फिदीफिदी हसतात. तिथे दात दिसतात आणि 'फ'बरोबर तुच्छतेचा वारा सुटतो. खलपुरुष खदाखदा हसतो. 'तो हसला' एवढेच लिहून पुढे 'तुच्छतेने', 'निरागसपणे' अशी क्रियाविशेषणे जोडण्यापेक्षा या चारांपैकी योग्य शब्द उचलला, तर वाक्य लहान होते आणि वाचकाला हसू ऐकू येते. मात्र अशा अनुकरणवाचक शब्दांची रेलचेल झाली की गद्य खुळखुळ्यासारखे वाजू लागते. मी स्वतः एका पानावर दोनापेक्षा अधिक अनुकरणवाचक शब्द ठेवत नाही, आणि मुलांसाठी लिहिताना हा आकडा थोडा सैल सोडतो.

स्वरांचे माप

व्यंजने आघात ठरवतात, तर स्वर आकार आणि वेळ ठरवतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२९ सालीच 'मल' आणि 'मिल' असे दोन बनावट शब्द लोकांपुढे ठेवून त्यातले मोठे टेबल कोणते आणि लहान कोणते असे विचारले होते, आणि बहुतेकांनी 'मल'ला मोठे ठरवले. मराठीत 'इ'चा हा लहानपणा 'चिमुकले', 'इवलेसे', 'मिणमिण', 'किणकिण', 'टिचभर' यांत दिसतो, आणि व्याकरणातही दिसतो: गाडा मोठा आणि गाडी लहान, सुरा मोठा आणि सुरी लहान, डबा आणि डबी, लोटा आणि लोटी. तरीही 'लहान' या शब्दात 'आ' आहे आणि 'हत्ती'च्या शेवटी 'ई' आहे, त्यामुळे इथेही कल तेवढा घ्यावा आणि हट्ट सोडावा.

माझ्या अनुभवात मराठी लेखकाला अधिक उपयोगी पडते ती 'अ' आणि 'उ' यांची जोडी. वीज कडकडते, पण थंडीने माणूस कुडकुडतो. वीज लखलखते, काजवा लुकलुकतो. दारावर जोराची खटखट होते, आणि रात्री स्वयंपाकघरात उंदीर खुटखुट करतो. व्यंजने तीच किंवा जवळची राहिली आणि 'अ'च्या जागी 'उ' आला की ओठ जवळ येतात, आवाज आकसतो आणि वस्तूही आकसते. आपल्या वाक्यात आवाज मोठा झाला आहे असे वाटले, तर दुसरा शब्द शोधण्यापूर्वी त्याच शब्दाचे 'उ'चे रूप आहे का ते पाहावे.

स्वरांच्या लांबीचे काम वेगाशी आहे. 'तो चटकन उठला' यात ऱ्हस्व अक्षरे एकामागून एक सरकतात. 'दूरवर जाणारी रानातली वाट' यात प्रत्येक दीर्घ स्वराला वेळ द्यावा लागतो आणि वाट लांबते. धावपळीच्या प्रसंगात दीर्घ स्वरांची दाटी झाली असेल, तर ती वाक्ये वाचताना आपोआप मंदावतात, आणि लेखकाला मात्र प्रसंगात गती का येत नाही हे कळत नाही. आणखी एक गोष्ट ओघाने नोंदवतो: 'आई' या शब्दात एकही व्यंजन नाही. तोंड उघडले आणि आवाज सोडला की शब्द झाला. म्हणून ठेच लागल्यावर तो जीभ कुठेही न टेकवता बाहेर पडतो.

जोडाक्षरे, आणि एक शोकपत्र

रेघा जिथे पडतात तिथे बहुतेक वेळा जोडाक्षरांची गर्दी असते. याचे उदाहरण म्हणून मी माझेच जुने लेखन घेतो. शेजारच्या एका काकांच्या निधनानंतर त्यांच्या मुलाला पाठवण्यासाठी मी हे लिहिले होते:

"आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाचे वृत्त समजताच आम्हा सर्वांना प्रचंड धक्का बसला. त्यांच्या कर्तृत्वसंपन्न व्यक्तिमत्त्वामुळे निर्माण झालेले स्थान रिक्त झाले असून ही पोकळी भरून निघणे अशक्य आहे."

पत्र पाकिटात घालण्यापूर्वी बायकोने वाचले आणि म्हणाली, "हे ठरावासारखे वाटते." मोठ्याने वाचल्यावर कारण सापडले. 'वृत्त', 'प्रचंड', 'धक्का', 'कर्तृत्व', 'व्यक्तिमत्त्व', 'रिक्त', 'अशक्य' या प्रत्येक शब्दावर जीभ आपटत होती, आणि दुःखात असलेल्या माणसाशी कोणी असे आपटत बोलत नाही. पुन्हा लिहिलेले पत्र असे होते:

"काका गेल्याचे काल रात्री कळले. त्यानंतर घरात कोणाला काही बोलावेसे वाटेना. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारणारे काका आता तिथे नसतील, हे मनाला अजून नीट उमगलेले नाही."

या पत्रातही जोडाक्षरे आहेत. 'गेल्याचे', 'त्यानंतर', 'ओट्यावर' अशी रूपे मराठीच्या विभक्तीतच येतात आणि ती जिभेला फारशी अडवत नाहीत. फरक पडला तो शेवटच्या वाक्यात 'न', 'म', 'ल' यांची रांग लागल्याने, कारण 'मनाला अजून नीट उमगलेले नाही' हे म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. दुसऱ्या पत्राचे सगळे बळ नादातून आले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यात ओटा आहे आणि हाक आहे, पहिल्यात तसे काहीच नव्हते. पण नाद सुधारायला बसलो म्हणूनच मला 'कर्तृत्वसंपन्न व्यक्तिमत्त्व' सोडून काकांचा विचार करावा लागला, आणि हा या कामाचा मोठा आडफायदा आहे.

जोडाक्षरे सरसकट टाळावीत असा याचा अर्थ काढू नये. निषेधाचा ठराव, सभेतले भाषण, भांडण, युद्धाचे वर्णन यांना ती हवीतच. 'हा निर्णय मागे घ्यावा' ही विनंती आहे. 'हा निर्णय रद्द झालाच पाहिजे' यात 'रद्द'वर मूठ आपटली जाते. एकाच व्यंजनाचे द्वित्व असलेले मराठी शब्द एकत्र लिहून काढले की गंमत दिसते: गच्च, घट्ट, गप्प, ठप्प, ढिम्म, पक्का. जीभ किंवा ओठ क्षणभर तिथेच अडकून राहतात, आणि अर्थही काहीतरी अडकल्याचा, आवळल्याचा किंवा न हलण्याचाच असतो. याउलट 'सैल', 'मोकळे', 'विरळ', 'पातळ' यांत कुठेच गाठ नाही. प्रसंगात कोणी मूठ आवळत असेल, तर 'घट्ट' शब्द वाक्याच्या शेवटाकडे न्यावा. मूठ सुटत असेल, तर शेवटी 'सैल' यावे.

सांधे आणि शेवट

सुटे शब्द चांगले असूनही वाक्य कर्कश होते ते त्यांच्या सांध्यांमुळे. मराठीतला सर्वांत मोठा अपराधी म्हणजे षष्ठीचा 'च्या'. 'शाळेच्या मुलांच्या पालकांच्या सभेच्या वेळेच्या बदलाची सूचना' या वाक्यांशात पाच 'च्या' एकापाठोपाठ येतात आणि चप्पल फरफटल्यासारखा आवाज होतो. उपाय कठीण नाही. एक क्रियापद आणावे: 'पालकसभेची वेळ बदलली आहे, याची नोंद घ्यावी.' दोन 'च्या' लागोपाठ चालतात. तिसरा आला की वाक्य मोडून पुन्हा बांधावे.

शेवटांकडेही असेच पाहावे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते, त्यामुळे प्रत्येक वाक्याचा शेवटचा नाद 'आहे', 'होते' किंवा 'ला-ली-ले' यांपैकीच एक होतो. सात वाक्ये 'आहे'ने संपली की वाचकाचे डोके डोलू लागते. अधूनमधून क्रियापद आधी आणावे किंवा गाळावे. 'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणीत दोन्ही तुकडे त्याच 'रो'ने संपतात, आणि तिथे पुनरावृत्ती हवीच आहे, कारण दुसरा 'रो' पहिल्याचा हिशेब चुकता करतो. आपल्या परिच्छेदात सारखे शेवट अशा काही कामाने आले आहेत की आळसाने, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे.

अनुप्रासाचा मोह

'सुंदर सकाळी सोनेरी सूर्यकिरणांनी सजलेल्या सरोवराच्या सान्निध्यात' असे लिहिणारा लेखक स्वतःवर खूष असतो आणि वाचकाला तळे दिसत नाही, 'स' दिसतो. 'सकाळी तळ्यावर कोवळे ऊन सांडले होते' या वाक्यातही 'स' दोनदा आणि 'ळ' तीनदा येतो, पण शब्दांच्या आत लपून, आणि वाचकाला फक्त ऊन दिसते. गद्यातला अनुप्रास असा असावा की तो मोजायला बसल्याशिवाय सापडू नये. मथळे, घोषणा आणि दुकानांची नावे यांना अपवाद आहे; तिथे अक्षर उघडपणे वाजलेले चालते, कारण लक्षात राहणे हेच त्यांचे काम असते.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे

शेवटची पायरी सर्वांत उपयोगी आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात. मजकूर दुसऱ्या व्यक्तीला द्यावा, तिने तो आधी न वाचता थेट मोठ्याने वाचावा, आणि आपण हातात प्रत न घेता ऐकावे. स्वतः वाचताना आपण अडखळण्याच्या जागा आवाजाने झाकतो. परका वाचक त्या झाकत नाही. घरात कोणी नसेल, तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून दोन दिवसांनी ऐकावे.

या वाचनात मराठीची एक खास अडचण बाहेर येते. आपल्या 'च', 'ज' आणि 'झ' यांचे उच्चार दोन आहेत, पण लिपीत खूण एकच. 'चार चाऱ्याच्या पेंढ्या' यातला आकड्याचा 'च' टाळूवरचा आहे आणि चाऱ्याचा दातांकडचा. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, यांतही तोच भेद आहे. नादावर बेतलेल्या वाक्यात असे शब्द शेजारी आले, तर कागदावरचा अनुप्रास तोंडात मोडतो. बोलीही लक्षात घ्यावी लागते: वऱ्हाडी बोलण्यात 'शाळा'ची 'शाया' होते, त्यामुळे तिथल्या पात्राच्या तोंडी 'ळ'वर तोललेले वाक्य घातले, तर ते खोटे वाजते. असे पात्र लिहिताना मी त्या भागातल्या परिचितांकडून संवाद वाचून घेतो, आणि ते जसे म्हणतात तसे लिहून ठेवतो.

वाचन चालू असताना वाचकाला मध्येच थांबवून आपला हेतू समजावून सांगू नये. तो जिथे थबकला, जिथे त्याने शब्द बदलून वाचला, जिथे आपला आवाज चढवायचा होता आणि त्याचा उतरला, त्या जागा पेन्सिलने टिपून घ्याव्यात, आणि तो उठून गेल्यावर पुन्हा पहिल्या फुलीपासून सुरुवात करावी.